शाळेतून कॉलेजात: पहिले सहा-सात आठवडे कोणत्या क्रमानं लावायचे

पहिल्या वर्षाची पहिली चाचणी साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात होते. निकाल लागला की दरवर्षी काही पडलेले चेहरे माझ्या टेबलाशी येतात आणि तेच वाक्य म्हणतात, "मॅडम, मी तर एकही लेक्चर बुडवलं नव्हतं." खरंच बुडवलेलं नसतं. शाळेत चांगले मार्क मिळवलेली मुलं असतात ही. चुकलेला असतो तो कामांचा क्रम. आधी ग्रुप, मग कॅन्टीन, मग दोन-तीन क्लब, मग वह्या. आणि अभ्यासक्रमाचा कागद उघडतो तो थेट चाचणीची तारीख लागल्यावर.

शाळेत मोजणी दुसरं कुणीतरी करत होतं. गृहपाठ राहिला की बाई विचारायच्या, मार्क घसरले की घरी कळायचं, घंटा झाली की विषय बदलायचा. कॉलेजात रोजची मोजणी कुणीच करत नाही, हिशेब मात्र शेवटी मागतात. खालचे सगळे टप्पे ही मोजणी आपल्या हाती घेण्यासाठी आहेत. ते दिलेल्या क्रमानंच करा, कारण पुढच्या टप्प्याला मागच्या टप्प्यातला कागद लागतो.

टप्पा १: सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी

इथे अभ्यास नाही. चार कामं आहेत आणि चारही कंटाळवाणी आहेत.

१. कागद एका जागी ठेवा. प्रवेशाचं पत्र, फीची पावती, शाळेचा दाखला, गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो. मूळ प्रती एका फाइलमध्ये, त्यांचे स्कॅन फोनवर आणि आणखी एका ठिकाणी. स्कॅनला नीट नाव द्या. खिडकीवर रांगेत उभं राहून फोनमधले चारशे फोटो वर-खाली करणारा विद्यार्थी मला दरवर्षी दिसतो.

२. कॉलेजचा ई-मेल सुरू करा. पासवर्ड बदला, फोनवर नोटिफिकेशन चालू ठेवा, दिवसातून दोनदा उघडा. नोटीस बोर्ड असेल तर येता-जाता एक नजर टाकायची सवय लावा. माझ्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या बॅचची यादी फक्त बोर्डावर लागली होती. महत्त्वाचं असेल तर वर्गात सांगतीलच, असं मी धरून चालले. दोन प्रॅक्टिकल चुकीच्या बॅचमध्ये बसून केली आणि हजेरीत दोन्ही वेळा गैरहजर लागले. वर्गात कुणी सांगितलं नाही, कारण ते सांगणं कुणाचं कामच नव्हतं.

३. स्वतःच्या गजरावर उठा. दोन आठवडे, घरातल्या कुणीही हाक न मारता. कपडे धुणं, खोली आवरणं, आठवड्याचा खर्च लिहून ठेवणं हेही याच दोन आठवड्यांत एकदा तरी स्वतः करून बघा. पहिल्या आठवड्यात शिकण्यासारखं इतकं असतं की त्यात कपड्यांचा रंग उतरण्याची भर नको.

४. वाट चालून बघा. वेळापत्रक हातात आलं की एका दुपारी प्रत्येक वर्ग, लायब्ररी, ऑफिस आणि स्वच्छतागृह शोधून काढा. एका इमारतीतून दुसरीत जायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा.

तपासा: आत्ता कुणी गुणपत्रिका मागितली तर एका मिनिटात दाखवता येईल का? नसेल तर पहिलं काम अजून बाकी आहे.

टप्पा २: अभ्यासक्रमाचा कागद वाचा (पहिला आठवडा)

बहुतेक जण हा कागद फोनवर डाउनलोड करतात आणि विसरतात. प्रिंट काढा. प्रत्येक विषयाच्या कागदावर सहा गोष्टी शोधा आणि खूण करा: मार्कांची वाटणी, परीक्षा आणि सबमिशनच्या तारखा, हजेरीचा नियम, उशिरा दिलं तर काय कापतात, कोणतं पुस्तक मूळ धरलंय, आणि शिक्षक वर्गाबाहेर कधी, कुठे भेटतात. यातलं काही कागदावर नसेल तर पहिल्याच आठवड्यात विचारा. त्या आठवड्यात हा प्रश्न कुणालाच बावळट वाटत नाही.

मार्कांची वाटणी का बघायची ते एका उदाहरणातून सांगते. समजा, एका विषयात अंतिम परीक्षा ६० मार्कांची, मधली चाचणी २० ची आणि असाइनमेंट २० च्या. पास व्हायला एकूण ४० हवेत. चाचणी बिघडली, ८ मिळाले. असाइनमेंट "नंतर बघू" म्हणून दिल्याच नाहीत, तर अंतिम परीक्षेत ६० पैकी ३२ लागतील. असाइनमेंटचे १५ आधीच खात्यात असतील, तर १७ पुरतील. पेपर तोच असतो, पण हॉलमध्ये शिरताना छातीत होणारी धडधड वेगळी असते. शिवाय कुठे-कुठे प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागतं. तशी अट असेल तर एका भागाची कमाई दुसऱ्याला वापरता येत नाही. हेही कागदावरच लिहिलेलं असतं.

हजेरीचाही असाच हिशेब करा. समजा, सेमिस्टर १५ आठवड्यांचं, विषयाची आठवड्याला ३ लेक्चर, म्हणजे एकूण ४५. किमान हजेरी ७५ टक्के असेल तर ३४ लेक्चरना बसावं लागेल. चुकवायला उरतात ११. ऐकायला भरपूर वाटतात. त्यातली ३ एखाद्या तापात जातात, ३ घरी गेल्यावर. उरली ५, आणि ती साडेतीन महिन्यांत पुरवायची आहेत. ही ५ कुणाच्या तरी "चल ना, आज बंक मारू"वर पहिल्याच महिन्यात उडवायची की जपून ठेवायची, ते ठरवताना निदान आकडा माहीत असावा.

आता सगळ्या विषयांच्या तारखा एकाच कॅलेंडरवर उतरवा. भिंतीवरचं चालेल, फोनमधलं चालेल, पण एकच हवं. दोन असली की प्रत्येकात अर्ध्या तारखा राहतात.

सावध: विषय बदलण्याची किंवा सोडण्याची शेवटची तारीख असेल तर ती लाल रंगात लिहा. ती बहुतेक पहिल्या चाचणीच्या आधीच निघून जाते, आणि विषय झेपत नाही हे कळतं चाचणीनंतर.

टप्पा ३: तासांचा हिशेब (पहिला-दुसरा आठवडा)

या टप्प्यावर सगळ्यांत जास्त घसरगुंडी होते, म्हणून थोडी थांबते.

शाळेत शिकणं बहुतांशी वर्गात व्हायचं आणि घरी त्याचा सराव व्हायचा. कॉलेजात हे प्रमाण उलटं होतं. लेक्चरमध्ये विषयाचा नकाशा मिळतो, पायपीट बाहेर करायची असते. हे माझं मत नाही, क्रेडिटच्या (विषयाला किती काम लागतं ते मोजायच्या एककाच्या) व्याख्येतच ते बसवलेलं आहे. अमेरिकन पद्धतीत एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेर, असा हिशेब धरतात. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत पूर्णवेळ वर्षाची ६० क्रेडिट असतात आणि त्यांचं काम १५०० ते १८०० तासांचं मानलं जातं. वर्षातले ४० आठवडे धरले तर आठवड्याला साधारण साडेसदतीस ते पंचेचाळीस तास. म्हणजे पूर्ण वेळाची नोकरीच.

आता आपला आठवडा मांडा. एकूण तास १६८. झोपेचे रोज ८ धरून ५६. वर्गाचे समजा १५, वर्गाबाहेरच्या अभ्यासाचे ३०. उरले ६७. यात जेवण, आंघोळ, प्रवास, खरेदी, गप्पा, फोन, खेळ सगळं येतं. ६७ तास कमी नाहीत, दिवसाला साडेनऊ पडतात. म्हणून "वेळच मिळत नाही" ही तक्रार ऐकली की मी आधी कागद मागते. वेळ असतो, पण तो तुकड्यांत असतो आणि तुकडे सांडतात.

सगळ्यांत जास्त सांडतो तो दोन लेक्चरमधला मोकळा तास. दहा ते अकरा लेक्चर, अकरा ते बारा रिकामं, बारा ते एक पुन्हा लेक्चर. अकराला बाहेर पडल्यावर "काय करू या?" यात पंधरा मिनिटं जातात, कुठेतरी बसण्यात पाच, फोनमध्ये पस्तीस, आणि पळत वर्गात यायला पाच. आठवड्यात असे सहा तास असले तर अभ्यासाच्या ३० तासांचा पाचवा भाग इथेच गेला.

उपाय साधा आहे: या तासाला आधीच जागा आणि काम नेमून द्या. "मधल्या वेळात वाचेन" हे ठरवणं नव्हे. "अकराला लेक्चर सुटलं की लायब्ररीच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्याच लेक्चरच्या नोट्स पुऱ्या करेन" हे ठरवणं. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात नेमकं हेच तपासलं होतं. "अमुक झालं की तमुक करेन" असं बांधून ठरवणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याचं प्रमाण नुसती इच्छा धरणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं.

१. कोऱ्या आठवड्यावर आधी झोप आणि लेक्चर भरा.
२. मोकळ्या तासांना जागा आणि काम द्या.
३. मग उरलेले अभ्यासाचे तास दीड-दोन तासांच्या ठोकळ्यांत टाका. एकाच रात्री पाच तास लिहू नका, ते कधीच होत नाहीत.
४. आठवड्यातला एक अर्धा दिवस पूर्ण कोरा ठेवा. काहीतरी राहणारच आहे, त्याची भरपाई इथे होते.

सावध: एखादं काम किती वेळात होईल याचा अंदाज आपण नेहमी कमी धरतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या सवयीला नावच देऊन ठेवलंय, प्लॅनिंग फॅलसी. पहिला महिनाभर आपल्या अंदाजाला दीडनं गुणा. दोन तासांत होईल वाटलं तर तीन लिहा. महिन्यानं स्वतःचा खरा गुणक सापडतो. माझा दोन आहे, अजूनही.

टप्पा ४: नोट्स आणि आठवण्याचं चक्र (दुसऱ्या आठवड्यापासून कायम)

शाळेत फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलं तरी चालायचं, कारण फळ्यावर तेवढंच असायचं जेवढं परीक्षेत यायचं. लेक्चरमध्ये शिक्षक बोलत राहतात, मध्येच उदाहरण देतात, मागे जातात, एक विनोद करतात. सगळं उतरवायला गेलात की हात चालतो आणि डोकं झोपतं.

वहीचं पान आखण्याची एक जुनी रीत आहे, कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची. पानाच्या डाव्या बाजूला अरुंद पट्टा सोडायचा, उजवीकडे रुंद भागात लेक्चर चालू असताना मुद्दे लिहायचे, खाली चार-पाच ओळींची जागा मोकळी. डावा पट्टा वर्गात कोराच राहतो. तो त्याच दिवशी भरायचा, आणि भरायचा तो प्रश्नांनी.

एक पान दाखवते. अर्थशास्त्राच्या लेक्चरमध्ये उजवीकडे लिहिलंय: किंमत घटली, मागणी वाढली, त्याच वक्रावर खाली सरकलो. उत्पन्न वाढलं, किंमत तीच, पूर्ण वक्र उजवीकडे सरकला. संध्याकाळी डाव्या पट्ट्यात लिहायचं: "मागणीचा विस्तार आणि मागणीतली वाढ यांत फरक काय? प्रत्येकाचं एक कारण?" खाली, स्वतःच्या शब्दांत: "किंमत बदलली तर वक्रावर फिरतो, बाकी काही बदललं तर वक्रच हलतो." एवढंच. दहा मिनिटांचं काम. आता परीक्षेच्या आधी उजवी बाजू हातानं झाकायची आणि डावीकडचा प्रश्न वाचून उत्तर मोठ्यानं सांगायचं. अडखळलात तर हात उचला.

झाकून सांगण्याला इतकं महत्त्व का, ते ऐका. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्यावर एका दिवसात त्यातला जेमतेम एक तृतीयांश भाग टिकला. लेक्चर निरर्थक नसतं (बहुतेक वेळा), म्हणून ते इतक्या झपाट्यानं जात नाही. पण सुरुवातीची घसरण सगळ्यांत तीव्र असते, हे तिथेही खरं आहे. म्हणून दहा मिनिटं त्याच दिवशी. रविवारी नव्हे.

दुसरा प्रयोग रोडिगर आणि कार्पिक यांचा, २००६ चा. विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटानं एकदा वाचला आणि मग न बघता जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं विचारलं तर चित्र उलटलं: दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. "रात्री वाचलं तेव्हा सगळं येत होतं" म्हणणारा विद्यार्थी खोटं बोलत नसतो. त्याला रात्री खरंच येत होतं.

१. लेक्चरच्या दिवशी: डावा पट्टा आणि खालचा सारांश, दहा मिनिटं.
२. दोन-तीन दिवसांनी: पान झाकून प्रश्नांची उत्तरं.
३. आठवड्याच्या शेवटी: प्रत्येक विषयाला एक कोरा कागद. आठवडाभरात काय झालं ते न बघता लिहा. जिथे कागद कोरा राहतो तिथून पुढच्या आठवड्याचा अभ्यास सुरू.

सावध: मित्राच्या नोट्सचा फोटो म्हणजे नोट्स नव्हेत. आजारी असताना घ्याव्याच लागतात, तेव्हा घ्या. पण त्या स्वतःच्या हातानं एकदा उतरवून डावा पट्टा भरल्याशिवाय त्या तुमच्या होत नाहीत.

टप्पा ५: सबमिशन मागून पुढे लावा

समजा, दीड हजार शब्दांचा निबंध २० तारखेला द्यायचाय. कॅलेंडरवर २० च्या जागी १८ लिहा. तुमच्यापुरती शेवटची तारीख तीच. १६-१७ ला सुधारणा आणि संदर्भांची यादी. १३ ते १५ कच्चा खर्डा. १० ते १२ वाचन. ९ तारखेला फक्त प्रश्न वाचायचा आणि त्यातली क्रियापदं अधोरेखित करायची. "वर्णन करा", "तुलना करा", "मूल्यमापन करा" ही तीन वेगळी कामं आहेत. माझ्याकडे येणाऱ्या निबंधांत तुलनेच्या जागी दोन वर्णनं शेजारी-शेजारी ठेवलेली असतात, आणि लिहिणाऱ्याला वाटत असतं की मार्क हस्ताक्षराचे गेले.

वाचताना ज्या पानावरून मुद्दा घेतला त्याचा पृष्ठ क्रमांक तिथल्या तिथे लिहा. शाळेत पुस्तकातलं जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण मार्क मिळायचे. इथे त्याला वाङ्मयचोरी म्हणतात आणि त्यासाठी शून्य मिळू शकतं. बरीच मुलं चोरी करायची म्हणून करत नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी वहीत उतरवलेलं वाक्य आपलं की पुस्तकातलं, हेच त्यांना आठवत नाही. एआयचं साहाय्य चालतं का, किती, ते प्रत्येक विषयाच्या नियमांत बघा. लिहिलेलं नसेल तर आधी विचारा.

गटात काम असेल तर पहिल्याच बैठकीत प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख लिहा. "आपण सगळे मिळून करू" असं ठरलेलं काम शेवटच्या रात्री एकटाच कुणीतरी करतो.

तपासा: अपलोड झाल्यावर फाइल एकदा उघडून बघा. चुकीची फाइल, अर्धी फाइल, न उघडणारी फाइल हे तिन्ही प्रकार दर सेमिस्टरला होतात.

टप्पा ६: विचारायला जा (तिसऱ्या आठवड्याच्या आत)

शाळेत शिक्षक तुमच्याकडे यायचे, इथे तुम्ही जायचं. तिसऱ्या आठवड्याच्या आत निदान एका शिक्षकांना त्यांच्या भेटीच्या वेळेत, एक नेमका प्रश्न घेऊन भेटा. पहिली भेट संकट आल्यावर झाली की ती अवघड जाते.

नेमका म्हणजे कसा? "सर, काहीच कळलं नाही" याला उत्तर देता येत नाही. "सर, तिसऱ्या पायरीपर्यंत मला येतंय, चौथीत चिन्ह का बदललं ते कळलं नाही" याला दोन मिनिटांत उत्तर मिळतं. सोबत अर्धवट सोडवलेला कागद न्या. तो कागद बघूनच समोरच्याला कळतं की गाठ कुठे आहे.

ई-मेल लिहिताना काय चुकतं ते बघा. मला येणारा नेहमीचा ई-मेल: विषय कोरा, मजकूर "मॅम मी आजारी होतो असाइनमेंट उद्या दिली तर चालेल का", खाली नाव नाही. माझ्याकडे दोन विषय आणि दीडशे विद्यार्थी आहेत. त्याऐवजी असा लिहा:

विषय: असाइनमेंट २ साठी मुदतवाढीची विनंती, तुकडी ब, हजेरी क्रमांक ४१
आदरणीय मॅडम, मंगळवारपासून ताप असल्यानं मी असाइनमेंट २ वेळेत पूर्ण करू शकलो नाही. पहिले दोन प्रश्न झाले आहेत, ते सोबत जोडत आहे. उरलेले दोन सोमवारी दिले तर चालतील का? डॉक्टरांचं पत्रही जोडलं आहे.
आपला विद्यार्थी, पूर्ण नाव

हा शक्यतो मुदत संपायच्या आधी पाठवा. संपल्यानंतरच्या ई-मेलला शिक्षकाच्या हातात फारसं काही उरत नाही.

टप्पा ७: माणसं (पहिल्या दिवसापासून, पण घाई न करता)

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकटं वाटणं ही इतकी ठरलेली गोष्ट आहे की कॅलेंडरवर लिहून ठेवावी. सुरुवातीची नवलाई ओसरलेली असते, शाळेचे मित्र आपापल्या ठिकाणी रमलेत असं फोटोंत दिसत असतं, आणि इथल्या कुणाशी अजून धड सूत जुळलेलं नसतं. न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा नुसतं गणिती असतं. जेफ्री हॉल या संशोधकानं २०१८ मध्ये मांडलेला अंदाज असा: ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात आणि जवळच्या मैत्रीला २०० हून जास्त. शाळेत एका बाकावर बसून हे तास आपोआप भरत होते. इथे तीन आठवड्यांत ते कसे भरतील?

म्हणून ज्यातून तास आपोआप भरतील अशी रचना करा. एमआयटीच्या विद्यार्थी वसाहतीत फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक यांनी केलेल्या पाहणीत (१९५०) मैत्री सगळ्यांत जास्त झाली ती शेजारच्या दारातल्या माणसाशी. तेव्हा वर्गात रोज साधारण त्याच जागी बसा. दर आठवड्याला भेटणारा एकच क्लब किंवा खेळ निवडा. पहिल्या आठवड्यात पाच ठिकाणी नाव नोंदवणारे सहाव्या आठवड्यात एकाही ठिकाणी दिसत नाहीत.

खोलीत कुणी सोबत असेल तर पहिल्याच आठवड्यात पाच गोष्टी बोलून घ्या: दिवा किती वाजता बंद, सकाळचे गजर, बाहेरची माणसं खोलीत कधी, साफसफाई कुणाकडे, आणि एकमेकांच्या वस्तू वापरायच्या का. तेव्हा हे बोलणं सहज होतं. दोन महिन्यांनी टॉवेलवरून भांडण झाल्यावर तेच बोलणं कोर्टासारखं होतं.

घरच्यांशी बोलायची वेळ ठरवून घ्या. दिवसातून पाच फोन करणाऱ्याचं मन घरीच राहतं, आणि अजिबात न करणाऱ्याचे आई-वडील वॉर्डनला फोन करतात.

सावध: कुणी सिनियर किंवा बरोबरीचा धमकावत असेल, नको ते करायला लावत असेल तर ते "इथली पद्धत" म्हणून सोसू नका. तारीख, वेळ, कोण होतं ते लिहून ठेवा, मेसेज पुसू नका आणि कॉलेजच्या जबाबदार माणसाला लेखी कळवा. घरी त्याच दिवशी सांगा.

टप्पा ८: झोप आणि पैसे

हा भाग सगळ्यांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. अठरापर्यंतच्या वयाला ८ ते १० तास झोप लागते, त्यापुढे निदान ७. कॉफीतलं कॅफिन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री अकरालाही जागं असतं. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ तासाभराहून जास्त हलवू नका, नाहीतर प्रत्येक सोमवार जड जातो.

महिन्याचे पैसे हाती आले की आधी पुस्तकं, झेरॉक्स आणि प्रवासाचे बाजूला काढा, उरलेल्यांचे चार समान भाग करा आणि दर सोमवारी एकच भाग वापरायला घ्या. उसने दिलेले लिहून ठेवा, घेतलेले त्याहून ठळक लिहा.

टप्पा ९: पहिल्या चाचणीनंतरची बैठक (सहावा-सातवा आठवडा)

मार्क कमी आले की मुलं दोनपैकी एक करतात: पेपर बॅगेत खोल खुपसतात किंवा "आता रोज दहा तास" असं जाहीर करतात. दोन्ही टाळा. तपासलेला पेपर समोर ठेवून गेलेल्या प्रत्येक मार्कापुढे चारपैकी एक अक्षर लिहा.

"न": माहीतच नव्हतं. वाचनाचे तास कमी पडले. टप्पा ३ चा कागद काढा.
"आ": वाचलं होतं, आठवलं नाही. तास पुरेसे होते, पण झाकून सांगणं झालं नाही, टप्पा ४.
"प्र": प्रश्न चुकीचा वाचला. पुढच्या वेळी पहिली पाच मिनिटं क्रियापदं अधोरेखित करण्याची.
"वे": वेळ संपला. घड्याळ लावून जुने पेपर सोडवा, वाचन वाढवून याचा काही उपयोग नाही.

माझ्या अनुभवात हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांच्या पेपरवर "आ" सगळ्यांत जास्त निघतो, आणि ती मुलं उपाय मात्र "न" चा करतात: आणखी वाचतात. मग दुसऱ्या चाचणीतही तेच होतं.

अक्षरं मोजून झाली की तो पेपर घेऊन शिक्षकांकडे जा. "मार्क वाढवा" म्हणायला नव्हे, "माझे नऊ मार्क 'आ' मध्ये गेलेत, उत्तर कसं मांडायला हवं होतं?" हे विचारायला.

तपासा: सलग दोन आठवडे झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, खोलीबाहेर पडावंसं वाटत नसेल तर वेळापत्रक बदलून ते जाणार नाही. कॉलेजचा समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका; त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा किंवा आपत्कालीन मदतीचा नंबर लावा.

बैठकीच्या शेवटी टप्पा ३ मधला आठवडा पुन्हा कोऱ्या कागदावर मांडा, या वेळी अंदाजानं नव्हे, गेल्या सहा आठवड्यांत खरोखर जसे तास गेले तसा. दोन्ही कागद शेजारी चिकटवा. पुढच्या चाचणीपर्यंत बदल फक्त दोनच करा, आणि ते कोणते ते कॅलेंडरवर चाचणीच्या तारखेखाली लिहून ठेवा, म्हणजे त्या दिवशी तपासता येईल.